स्विचचा पंखा फार आवाज करतोय – बदलताना नेमकं काय काय जुळवायचं?

निळीवायर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २४ पोर्टचा, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) देणारा, रॅकमध्ये बसणारा एक यू (रॅकमधल्या उंचीचं एकक) उंचीचा नेटवर्क स्विच आहे. वय झालंय, पण आजवर एक पोर्टही बिघडलेला नाही. सध्या त्यातला एक पंखा त्रास देतोय. आधी वीज जाऊन आली की थोडा वेळ खरखर व्हायची आणि मग थांबायची. आता ती खरखर दिवसभर चालू असते आणि अधूनमधून वर एक बारीक शिट्टीही येते. स्विच आहे त्याच खोलीत मी काम करते, त्यामुळे दुर्लक्ष करणं जमत नाही. शिवाय एवढ्याशा पंख्यापायी चांगला चालता स्विच भंगारात काढणं मला अजिबात पटत नाही.

प्लग काढून कव्हर उघडलं. उजव्या बाजूच्या भिंतीला दोन पंखे आहेत, प्रत्येकी ४० बाय ४० मिमी आणि २० मिमी जाड. तीन तारा आहेत: लाल, काळी, पिवळी. लेबलवर १२ व्होल्ट डीसी लिहिलंय. वीजपुरवठ्याचा (पॉवर सप्लायचा) भाग त्याच पेटीत, डाव्या बाजूला, उघडाच आहे.

दोघांतला बिघडलेला पंखा कसा ओळखायचा? तेल घालून भागेल का? संगणकासाठी मिळणारे शांत पंखे बसवले तर चालतील का? आणि बदलायचे तर एक की दोन्ही? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रात्रपाळी

बाकीचे पंख्याबद्दल लिहितीलच, मी आधी त्या उघड्या पुरवठ्याबद्दल लिहितो. २३० व्होल्ट एसी सरळ केला की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो. पुरवठ्यात पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असेल तर मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात. प्लग काढल्याबरोबर ते उतरतातच असं नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि त्यानंतरही त्या बाजूला हात, स्क्रूड्रायव्हर काहीही नेऊ नका. पंखे उजवीकडे आहेत, तुमचं काम तिथेच आहे.

कव्हर उघडं ठेवून स्विच चालू करायचा आणि पेन्सिल टेकवून एकेक पंखा थांबवून ऐकायचं, ही युक्ती बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळते. उघडा पुरवठा असलेल्या पेटीत ती वापरू नका, माझं याबाबत ठाम मत आहे.

अजून एक. प्लग पुन्हा काढण्याआधी चालू कॉन्फिगरेशन कायमच्या मेमरीत लिहून घ्या आणि त्याची एक प्रत बाहेर कुठेतरी ठेवा. वर्षानुवर्षं बंदच न झालेल्या स्विचवर व्हीलॅनचे (नेटवर्कच्या आभासी विभागांचे) बदल सेव्ह न केलेले सापडतात आणि ते पुन्हा सुरू केल्यावरच कळतं.

रॅकवाला

वरच्या प्रतिसादाला +१.

बिघडलेला पंखा ओळखायला स्विच चालू करावाच लागत नाही. दोन्ही पंखे सोडवून बाहेर काढा. हबला (पात्यांच्या मधल्या भागाला) बोट लावून हळूच फिरवा. बॉल बेअरिंग गेलं असेल तर बोटाला बारीक वाळू असल्यासारखं जाणवतं. स्लीव्ह (गोळ्या नसलेलं, साध्या बुशचं) बेअरिंग झिजलं असेल तर पात्यांचा चाक बाजूला डुगडुगतो. चांगला पंखा बोट काढल्यावरही थोडा फिरत राहतो आणि हळू होत थांबतो. मग १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, लाल धन आणि काळी ऋण, एकेक पंखा हातात धरून चालवा. शंका राहत नाही.

आणि बदलायचे तर दोन्ही बदला. दोघांनी तेवढेच तास, त्याच तापमानात काढले आहेत. एकाचं बेअरिंग गेलंय म्हणजे दुसऱ्याचं जवळ आलंय. पुन्हा स्विच बंद करून पेटी उघडण्यापेक्षा एकदाच करा.

तापमापी

तेलाचं सांगतो. स्लीव्ह बेअरिंग असेल आणि लेबलाखाली रबरी बूच असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून आवाज बंद होतो, हे खरं आहे. पण टिकत नाही. स्लीव्ह बेअरिंगमधलं मूळ तेल उष्णतेने आटून घट्ट झालेलं असतं आणि तोवर ब्राँझचा बुश एका बाजूने झिजलेलाही असतो. तेलाने झीज भरून येत नाही. नवीन पंखे येईपर्यंतचे दिवस काढायला म्हणून ठीक. डब्ल्यूडी-४० मात्र मारू नका. त्यातला बराचसा भाग उडून जाणारा द्रावक असतो, तो उरलंसुरलं वंगण धुऊन नेतो. बॉल बेअरिंग असेल तर तेलाचा विचार सोडूनच द्या, ते सीलबंद असतं.

नवीन घेताना बेअरिंगचा प्रकार जरूर बघा. बॉल बेअरिंग उष्णतेत जास्त टिकतं, पण जुनं होत जाईल तसं आवाज वाढवत जातं. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग शांत असतं आणि आयुष्यही भरपूर असतं. साधं स्लीव्ह बेअरिंग चोवीस तास चालणाऱ्या, गरम पेटीत घेऊ नये.

पंखे सोडवण्याआधी दोन गोष्टींची नोंद करून ठेवा. पहिली हवेची दिशा. चौकटीवर दोन बाण असतात, एक पात्यांच्या फिरण्याचा आणि एक हवेचा. बाण नसतील तर लेबल असलेल्या बाजूने हवा बाहेर पडते असं समजायला हरकत नाही. दुसरी नोंद तापमानाची. स्विचच्या कमांड लाइनवर 'शो एन्व्हायर्नमेंट' किंवा त्यासारखी कमांड असते, तिथले आकडे आणि त्या वेळचं खोलीचं तापमान लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर पंखे बदलल्यावर स्विच बरा आहे की आतल्या आत भाजतोय, हे सांगता येत नाही.

शांतता_हवी

मी घरच्या स्विचमध्ये नोक्टुआ कंपनीचे ४० बाय २०चे पंखे बसवले आहेत. आवाज जवळजवळ नाहीच आणि स्विच मस्त चालू आहे. तुम्हीही तेच बसवा, एवढा विचार नको.

तापमापी

@शांतता_हवी, तुमचा स्विच पीओईचा आहे का आणि त्यावर भार किती आहे, हे कळल्याशिवाय तोच सल्ला सगळ्यांना देता येत नाही. पंखा उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आकडे बघू या.

तो ४० बाय २०चा पंखा १२ व्होल्टवर मिनिटाला जास्तीत जास्त ५००० फेरे घेतो, ताशी ९.४ घनमीटर हवा हलवतो आणि त्याचा स्थिर दाब २.२६ मिमी पाणी एवढा आहे. एक यू स्विचमध्ये कारखान्यातून येणारे पंखे बरेचदा सात-आठ हजार किंवा त्याहूनही जास्त फेऱ्यांचे असतात. पंख्याचे नियम साधे आहेत. हवा फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, वीज घनाच्या प्रमाणात. पाती तशीच ठेवून ८००० वरून ५००० फेऱ्यांवर आलात तर हवा सुमारे ६२ टक्के उरते आणि दाब फक्त ३९ टक्के. आवाज अंदाजे १० डेसिबलने उतरतो, कानाला तो निम्मा वाटतो. शांततेची किंमत ती एवढी.

यात दाब जास्त महत्त्वाचा आहे. लेबलावर जी हवा छापलेली असते ती मोकळ्यात मोजलेली. स्विचच्या आत हवेला बारीक जाळी, हीटसिंकच्या फटी, केबल आणि समोरचे पोर्टचे पिंजरे यातून वाट काढावी लागते. कमी दाबाचा पंखा तिथे जागच्या जागी हवा घुसळत बसतो. संगणकाच्या मोकळ्या केसमध्ये जो पंखा उत्तम काम देतो तोच इथे कमी पडतो, याचं कारण हे.

निळीवायर

सगळ्यांचे आभार. दोन्ही पंखे काढून बोटाने फिरवले. मागच्या बाजूचा स्पष्ट डुगडुगतो आणि अडॅप्टरवर लावला की तोच खरखरतो. दुसरा अजून बरा आहे, पण बदलेन तर दोन्ही.

भाराचं सांगायचं तर पीओईवर चार ॲक्सेस पॉइंट आणि पाच-सहा टेबलावरचे फोन आहेत. स्विच स्वतः सांगतो की एकूण पीओई वापर ४५ वॅटच्या आसपास असतो. भिंतीपाशी मोजला तर सगळा मिळून ८० वॅटच्या आतबाहेर. आता मला किती हवा लागेल हे कसं काढायचं?

तापमापी

छान मोजलंत, हिशेब सोपा झाला. भिंतीतून ८० वॅट आत जातात, त्यातले ४५ केबलवाटे बाहेर ॲक्सेस पॉइंट आणि फोनमध्ये जातात. पेटीत उष्णता म्हणून उरतात साधारण ३५ वॅट. पीओईचा वीजभार स्विचच्या आत तापत नाही, तापतो तो रूपांतरातला तोटा. तोही या ३५ मध्येच आला.

हवेच्या उष्णताधारकतेवरून एक सोपं सूत्र निघतं: वॅटना ३ ने गुणायचं आणि हवेची जेवढी तापमानवाढ चालेल तेवढ्या अंशांनी भागायचं. उत्तर ताशी घनमीटरमध्ये. तुमच्यासाठी ३५ गुणिले ३ म्हणजे १०५, आत येणारी आणि बाहेर पडणारी हवा यात १० अंशांचा फरक धरला तर ताशी साडेदहा घनमीटर. दोन शांत पंख्यांची मोकळ्यातली बेरीज १८.८ होते, जाळी आणि अडथळ्यांमुळे प्रत्यक्षात निम्मी मिळाली तरी ९ च्या पुढे. म्हणजे तापमानवाढ ११ अंशांच्या आसपास. तुमच्या भाराला हे काठावर चालेल.

पण हाच स्विच कोणी वीस कॅमेऱ्यांना लावला, पीओईवर ३०० वॅट काढले आणि पुरवठ्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर फक्त पुरवठ्यातच ३३ वॅट जास्तीचे तापतील. तिथे हे पंखे बसवणं चूक. ८०२.३एटी या पीओई मानकाच्या पोर्टवर ३० वॅटपर्यंत आणि ८०२.३बीटीच्या वरच्या प्रकारात ९० वॅटपर्यंत भार येऊ शकतो, त्यामुळे 'पीओई स्विच' एवढ्या वर्णनावरून काहीच ठरत नाही. एसएफपी प्लसच्या (वेगवान जोडणीच्या मॉड्यूलसाठीच्या) खाचेत तांब्याचे १० गिगाबिटचे मॉड्यूल असतील तर त्यांचे प्रत्येकी दोन-तीन वॅट वेगळे, आणि तेही नेमक्या बंदिस्त कोपऱ्यात.

सोल्डरगन

वायरिंगचं कोणी लिहिलेलं दिसत नाही, आणि बोर्ड जळतो तो इथेच.

धागाकर्तीताईंच्या जुन्या पंख्यात लाल, काळी, पिवळी आहे. औद्योगिक पंख्यांमध्ये याचा अर्थ बहुतेक वेळा लाल म्हणजे +१२, काळी म्हणजे ग्राउंड, पिवळी म्हणजे फेऱ्यांचा सिग्नल, ज्याला टॅक म्हणतात. संगणकाच्या चार तारांच्या पंख्यांमध्ये काळी, पिवळी, हिरवी, निळी असा क्रम असतो आणि तिथे पिवळी म्हणजे +१२, हिरवी म्हणजे टॅक, निळी म्हणजे पीडब्ल्यूएम, वेग ठरवणारा सिग्नल! रंगाला रंग जोडलात तर १२ व्होल्टची तार सिग्नलच्या जागी जाते. रंग विसरा, काम बघून जोडा. नवीन पंख्याच्या कागदावर कोणती तार कशाची हे दिलेलं असतं, तेवढंच खरं.

दुसरं, कनेक्टर. स्विचच्या बोर्डवर कधी २.५४ मिमी अंतराचा असतो, कधी २ मिमीचा, कधी त्याहून बारीक. संगणकाचा प्लग बसला तरी पिनांचा क्रम तोच असेल याची खात्री नाही, निर्मात्यानुसार तो बदलतो. मी नेहमी जुन्या पंख्याचा प्लग आठ-दहा सेंटीमीटर तारेसकट कापून घेतो आणि नवीन पंख्याच्या तारा त्याला सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवतो. म्हणजे बोर्डाच्या बाजूला काहीच बदलत नाही. चिकटपट्टी गुंडाळून ठेवू नका, उष्णतेत गोंद सुटतो आणि तार उघडी पडते. तारा पात्यांपासून लांब बांधून घ्या.

कापण्याआधी जुन्या पंख्याच्या लाल-काळीवर मल्टिमीटर लावून स्विच चालू असताना किती व्होल्ट येतात ते बघायला हवं. तीन तारांच्या पंख्याचा वेग स्विच व्होल्टेज कमी-जास्त करून सांभाळतो. थंड असताना तिथे ७-८ व्होल्टच असू शकतात. मग १२ व्होल्टवर आधीच सावकाश चालणारा पंखा ७ व्होल्टवर आणखी मंद होईल, किंवा सुटणारच नाही.

रात्रपाळी

@सोल्डरगन, मोजायला हरकत नाही, पण उघड्या पुरवठ्याचं मी वर लिहिलंय ते कृपया विसरू नका. स्विच बंद असतानाच तारा मल्टिमीटरला क्लिपने जोडा, कव्हर वरून ठेवा, मग चालू करा. हात आत न घालता आकडा वाचता येतो.

सोल्डरगन

बरोबर, तसंच करायचं. क्लिपा लावून, तारा फटीतून बाहेर काढून.

रॅकवाला

बसवण्याच्या बारीकसारीक गोष्टी. एक यू म्हणजे ४४.४५ मिमी, म्हणून ४०पेक्षा मोठा पंखा उभा मावतच नाही. ४० मिमीच्या पंख्याची स्क्रूची भोकं ३२ मिमी अंतरावर असतात, ते सगळीकडे सारखंच. जाडी मात्र १०, २०, २८ अशी वेगवेगळी येते, तुमची २० आहे तर २०च घ्या. १० चा पंखा घेतला तर दाब कमी पडतो आणि मागे मोकळी फट राहून गरम हवा तिथून परत आत फिरते. ही फट छोटी वाटते, पण पंख्याच्या भोवती हवेला सोपी वाट मिळाली की ती हीटसिंककडे जातच नाही.

शांत पंख्यांसोबत रबरी खुंट्या येतात, जागा असेल तर त्याच वापरा. पत्र्याची पेटी कंपनं मोठी करून ऐकवते, त्यामुळे निम्मा आवाज कधीकधी पंख्याचा नसतोच. स्क्रू वापरले तर फार आवळू नका, चौकट वाकली की पाती घासतात.

कॉम्प्रेस्ड हवेने धूळ उडवत असाल तर पाती बोटाने धरून ठेवा. मोकळी सोडली तर पंखा ठरलेल्या वेगापेक्षा जास्त फिरतो. बेअरिंगवर ताण येतो आणि मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवते.

मोजूनमापून

लेबलवरचा कोड वाचायला शिका, मोठा उपयोग होतो. डेल्टाच्या पंख्यावर '०४१२' असेल तर ४० मिमी, १२ व्होल्ट. सुनॉनच्या पंख्यावर तेच '१२०४' असं उलट लिहिलेलं असतं. त्यापुढची अक्षरं वेगाची आणि बेअरिंगची असतात. जुन्या पंख्याचा पूर्ण कोड घेऊन त्याच निर्मात्याची डेटाशीट उघडा, तिथे त्याच मापात कमी वेगाचे भाऊ दिलेले असतात. मला हा मधला मार्ग जास्त आवडतो. एकदम सर्वांत शांत पंख्याकडे उडी मारण्याऐवजी त्याच मालिकेतला एक-दोन पायऱ्या खालचा घ्यायचा. दाब पुरेसा उरतो, सिग्नलचा प्रकार तोच राहतो आणि आवाज जाणवण्याइतका उतरतो. यंत्रात नवीन बेअरिंगमुळेच अर्धा त्रास जातो, हेही लक्षात घ्या. खरखर आणि शिट्टी ही पंख्याच्या मूळ आवाजाची नसते, झिजलेल्या बेअरिंगची असते.

सुप्तवाचक

पहिल्यांदाच लिहितोय. कव्हरला वरून मोठं भोक पाडून १२० मिमीचा पंखा बसवला तर? सावकाश फिरेल, आवाज नाही, हवा भरपूर.

तापमापी

पत्रा कापताना लोखंडाचा चुरा बोर्डवर पडला तर शॉर्ट होतो, हा पहिला धोका. दुसरं असं की हवा एका बाजूने शिरून ठरलेल्या मार्गाने दुसऱ्या बाजूला बाहेर पडावी असं डिझाइन केलेलं असतं. वर भोक पाडलं की हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि लांबचा पुरवठ्याचा कोपरा तसाच तापतो. रॅकमध्ये वर दुसरं यंत्र असेल तर भोक झाकलंही जातं. टेबलावर मोकळ्या ठेवलेल्या स्विचसाठी काही जण करतात, पण चालू नेटवर्कच्या स्विचवर मी करणार नाही.

निळीवायर

नवीन पंखे आले. दोन प्रकारचे मागवले होते, दोन्हीच्या जोड्या: ५००० फेऱ्यांचे शांत पंखे आणि @मोजूनमापून यांनी सुचवल्याप्रमाणे जुन्याच मालिकेतले एक पायरी खालचे.

सोल्डरगन यांनी सांगितल्याप्रमाणे आधी व्होल्ट बघितले. थंड असताना जुन्या पंख्याला साडेनऊच्या आसपास मिळत होते, सगळा भार आल्यावर पूर्ण १२. आधी शांत जोडी बसवून बघितली. आवाज म्हणावा तर नाहीच. सुटतातही व्यवस्थित. पण चालू झाल्यावर मिनिटभरात समोरचा पंख्याचा दिवा केशरी झाला आणि लॉगमध्ये पंखा बिघडल्याची नोंद येऊ लागली. तापमान मात्र जुन्या नोंदीपेक्षा पाचेक अंशच जास्त आहे. पंखे फिरतायत, मग ही नोंद का?

सोल्डरगन

फेऱ्या कमी आहेत म्हणून. पंखा एका फेरीत टॅकच्या तारेवर दोन ठोके देतो. ५००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ ठोके, आणि तुमच्याकडे साडेनऊ व्होल्टवर ते अजून कमी. स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये खालची मर्यादा जुन्या पंख्याच्या वेगावरून ठरवलेली असते. त्याखाली गेलं की पंखा अडकला असं समजून तो बोंब ठोकतो. काही स्विच एवढ्यावर थांबत नाहीत, चालू असलेल्या दुसऱ्या पंख्याला पूर्ण वेगात पळवतात किंवा काही वेळाने पीओई बंद करतात.

शांतता_हवी

यावर उपाय आहे. छोटं सर्किट मिळतं किंवा करता येतं, जे टॅकच्या तारेवर खोटे ठोके देत राहतं. स्विचला वाटतं पंखा जोरात फिरतोय. दिवा हिरवा.

रात्रपाळी

@शांतता_हवी, मला तुमची शांततेची गरज मान्य आहे, पण हे करू नका आणि दुसऱ्यांनाही सुचवू नका. उद्या पंखा खरोखर अडकला तर स्विचला कधीच कळणार नाही. दिवा हिरवा, लॉग स्वच्छ, आणि आत चिप तापत जाईल. नियंत्रण कक्षात बसून शेकडो स्विच बघणारा माणूस त्या एका सिग्नलवर विसंबून असतो. मी असे रॅक सांभाळतो, पंख्याची सूचना वेळेवर आली म्हणून रात्रीतून नेटवर्क वाचल्याचे प्रसंग मी जवळून बघितले आहेत. आवाजासाठी ती सूचना आंधळी करायची नाही.

शांतता_हवी

ठीक, मुद्दा पटला. घरच्या एकट्या स्विचवर कोणी लक्ष ठेवून नसतं, तिथे तर धोका जास्तच आहे हे आत्ता लक्षात आलं.

तापमापी

निळीवायर, पाच अंश जास्त हा आकडा घाबरण्यासारखा नाही, पण फुकटचाही नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. जुन्या स्विचमध्ये ते आधीच बरंच खर्च झालेलं असतं. शिवाय उन्हाळ्यात खोलीचं तापमान वाढेल तेवढी भर त्यात पडणारच. दुसरी जोडी लावून बघा.

सेन्सर कुठे आहे हेही ध्यानात असू द्या. तो बहुतेक वेळा मुख्य चिपजवळ असतो, पुरवठ्याजवळ नसतो. पुरवठ्याचं तापमान बाहेरून बघायचं तर त्या बाजूच्या कव्हरवर थर्मोकपल चिकटवा. इन्फ्रारेड तापमापक वापरणार असाल तर चकचकीत पत्र्यावर तो चुकीचं, कमी वाचतो. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा.

निळीवायर

दुसरी जोडी लावली आणि रात्रभर चालवली. दिवा हिरवा आहे, लॉगमध्ये काही नाही. तापमान जुन्या नोंदीच्या एखाद-दुसऱ्या अंशात. पुरवठ्याच्या बाजूला कव्हरवर पट्टी लावून मोजलं, तिथेही फरक नाही. आवाज आहे, पण एकसारखा वाऱ्याचा. खरखर आणि शिट्टी गेली, फोनवर बोलताना आता अडथळा येत नाही. रबरी खुंट्यांनी पत्र्याची गुणगुणही गेली, रॅकवाला यांचे विशेष आभार. हीच जोडी ठेवते आहे.

शांत जोडी एका साध्या, पीओई नसलेल्या आठ पोर्टच्या स्विचमध्ये वापरायचा विचार आहे. त्यातल्या पंख्यालाही तीन तारा आहेत, पण जुना पंखा असताना बोर्ड तक्रार करत नाही आणि नवीन लावला तर मात्र पंखा बिघडल्याचा दिवा लागतो. असं कसं?

मोजूनमापून

ती तिसरी तार टॅक नसावी. काही पंख्यांत तिच्यावर ठोके येतच नाहीत, चाक फिरतंय की अडकलंय एवढंच सांगणारा सिग्नल असतो. फिरत असेपर्यंत खाली, शून्याजवळ, आणि अडकला की वर. त्या बोर्डला ठोके दिले तर अर्धा वेळ वरचा सिग्नल दिसतो आणि तो पंखा अडकला असं समजतो.

सोल्डरगन

खात्री करायला जुना पंखा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवा. तिसरी तार ओपन कलेक्टर असते, म्हणजे ती स्वतः व्होल्ट देत नाही, फक्त ग्राउंडकडे ओढते, म्हणून ती आणि +१२ यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावा, आणि तार व ग्राउंड यांच्यात डीसी व्होल्ट मोजा. फिरत असताना शून्याजवळ असेल तर तो अडकल्याचा सिग्नल. पाच-सहा व्होल्टवर स्थिर दिसला तर टॅक, कारण मल्टिमीटर ठोक्यांची सरासरी दाखवतो. मग चाक हलकेच हाताने थांबवून बघा. अडकल्याच्या सिग्नलवाल्या पंख्यात थोड्या वेळाने आकडा १२ कडे चढतो.

अडकल्याचा सिग्नल निघाला तर त्याच प्रकारचा पंखा घ्या. डेटाशीटमध्ये टॅकच्या पंख्यांना सहसा 'एफ' किंवा 'एफजी' आणि अडकल्याच्या सिग्नलवाल्यांना 'आर' किंवा 'आरडी' अशी खूण असते. तिसरी तार थेट ग्राउंडला जोडून दिवा घालवू नका, ती वरच्या खोट्या ठोक्यांचीच दुसरी आवृत्ती आहे.

निळीवायर

मोजलं. फिरताना शून्याजवळ, थांबवल्यावर १२. म्हणजे अडकल्याचाच सिग्नल. शांत जोडी बाजूला ठेवते आणि 'आरडी' खूण असलेला शोधते. ४० बाय १० मिमी, १२ व्होल्ट, फ्लुइड बेअरिंगमध्ये कोणाच्या पाहण्यात असेल तर डेटाशीटचा कोड इथे लिहा.